हाफ तिकिटाच्या बाईला फुल्ल तिकीट का लागलं?

प्रश्न : सर, मी बीसीए सेकंड इयरला आहे, सांगलीत. जावाच्या असाइनमेंटला इनहेरिटन्स (एका क्लासने दुसऱ्याच्या मेथड वारशाने घेणं) होतं म्हणून मी एसटीचं तिकीट घेतलं. प्रवासी हा पॅरेंट क्लास, त्यात भाडं काढायची मेथड, आणि त्याला एक्स्टेंड करून महिलाप्रवासी, ज्येष्ठप्रवासी, बालप्रवासी. आता गंमत अशी की महिलाप्रवासीचं एकटं ऑब्जेक्ट करून मेथड बोलावली की बरोब्बर हाफ तिकीट येतं, पण तेच ऑब्जेक्ट प्रवासीच्या ॲरेत टाकून लूप फिरवला की फुल्ल! बाकीच्या दोघांचं ॲरेतही नीट येतं. शेवटी लूपमध्ये इन्स्टन्सऑफ लावून (ऑब्जेक्ट कुठल्या क्लासचं ते तपासून), कास्ट करून (त्याला त्याच क्लासचं मानून) चालवलं. मॅडम म्हणाल्या हे पॉलिमॉर्फिझम नाही. मग काय आहे ते? पुढच्या आठवड्यात व्हायवा आहे. कोड पाठवलाय.

उत्तर : कोड दोनदा वाचला, पहिल्यांदा मलाही दिसलं नाही. नीट बघ, पॅरेंटमधली भाडे ही मेथड किलोमीटर डबलमध्ये घेते आणि महिलाप्रवासीमध्ये तू फ्लोट लिहून बसलायस. दोन्ही दशांश आकड्यांचेच टाइप, पण वेगवेगळे. नाव एक, पण जावाच्या लेखी या दोन वेगळ्या मेथड. तू ओव्हरराइड, म्हणजे पॅरेंटची तीच मेथड पुन्हा लिहायला गेलास आणि झालं ओव्हरलोड, म्हणजे त्याच नावाची आणखी एक मेथड.

मग एकटीला हाफ कसं आलं? मेथड ठरते ती दोन टप्प्यांत. आधी कंपायलर बघतो व्हेरिएबलचा टाइप कुठला, आणि त्या टाइपमध्ये जेवढ्या मेथड दिसतात त्यातली दिलेल्या आकड्याला बसणारी एक ठरवतो. मग प्रोग्राम चालताना जेव्हीएम, म्हणजे जावाचा प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर, बघतं की आत खरं ऑब्जेक्ट कुणाचं आहे, आणि त्या क्लासने नेमकी तीच मेथड पुन्हा लिहिली असेल तर त्याची चालवतं. तुझं एकटं व्हेरिएबल महिलाप्रवासी टाइपचं होतं, तिथं कंपायलरला दोन मेथड दिसल्या, वारशाने आलेली डबलवाली आणि घरची फ्लोटवाली, तू दिलास १२०, म्हणजे इंट (पूर्णांक), तो दोन्हीत बसतो, पण फ्लोट जास्त नेमका म्हणून ती घेतली. ॲरेत व्हेरिएबल प्रवासीचं, तिथं डबलवाली सोडून दुसरी दिसतच नाही. चालताना जेव्हीएमने महिलाप्रवासीकडे डबलवाली मागितली, तिने ती लिहिलेलीच नाही, मग आईबापाची चालली. फुल्ल तिकीट.

फ्लोटचं डबल कर आणि मेथडच्या डोक्यावर ॲट ओव्हरराइड लिही. २००४ मध्ये जावा ५ आलं तेव्हापासून ही सोय आहे, तरी पोरं लिहीत नाहीत, कारण न लिहिता पण प्रोग्राम चालतो. ते लिहिलं असतंस तर कंपायलरने जागच्या जागी सांगितलं असतं की बाबा रे, तू कशालाच ओव्हरराइड करत नाहीयेस.

आता मॅडमचं म्हणणं. इन्स्टन्सऑफ लावलंस म्हणजे तुझा लूप प्रत्येकाला विचारतोय, तू बाई का, तू म्हातारा का, तू पोर का. उद्या दिव्यांगांची सवलतही प्रोग्राममध्ये घालायची झाली की लूप परत उघडायचा, आणि असे लूप दहा फायलींत असले तर दहा ठिकाणी शोधत बसायचं. पॉलिमॉर्फिझम म्हणजे लूपने नुसतं म्हणायचं "भाडं सांग", कुणी कसं काढायचं ते ज्याचं त्याने बघायचं. पुष्कळ जण इनहेरिटन्सकडे टायपिंग वाचवायचं साधन म्हणून बघतात, म्हणजे पॅरेंटमध्ये एकदा लिहिलं की पोरांना आयतं. ते होतं, पण तो साइड इनकम. खरी कमाई ही की बोलावणाऱ्याला समोर कोण आहे ते विचारावं लागत नाही.

इनहेरिटन्सची कल्पना निघाली तीसुद्धा रस्त्यावरच्याच उदाहरणातून बरं का. नॉर्वेत ओस्लोला ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड सिम्युला नावाची भाषा बनवत होते. पूल, पुलावर टोलनाका, रांगेत ट्रक आणि बस, हे मॉडेल कसं लिहायचं यावर डोकं लावताना रांगेत उभं राहणं हा कॉमन भाग वेगळा काढून त्यावर ट्रकचा नाहीतर बसचा थर चढवायचा, असं त्यांना सुचलं. सिम्युला ६७ मध्ये ते आलं. म्हणजे तू एसटी घेतलीस ते घराण्याला धरूनच आहे.

पण तुझ्या डिझाइनमध्ये एक खोट आहे आणि व्हायवाला कुणी खवट परीक्षक आला तर तिथंच धरेल. मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या बायकांना ५० टक्के, आणि ७५ च्या पुढच्यांना त्याआधीपासूनच फुकट. मग ७६ वर्षांची आजी कुठल्या क्लासची? जावात दोन क्लास एकदम एक्स्टेंड करता येत नाहीत. ज्येष्ठमहिलाप्रवासी असा चौथा करशील? मग दिव्यांग ज्येष्ठ महिला? क्लासची पिलावळ वाढत जाईल. त्याहून वाईट म्हणजे आज ७४ वर्षांच्या आजोबांचा पुढच्या महिन्यात वाढदिवस आहे, तर एकदा तयार झालेल्या ऑब्जेक्टचा क्लास जावात बदलता येत नाही. वय ही माणसाची जात नाही, अवस्था आहे, तिला क्लास करायला जाऊ नये.

प्रवासी एकच ठेव. सवलत नावाचा इंटरफेस (कुठली मेथड हवी एवढंच सांगणारा करार) कर, त्यात भाडे मेथड, आणि महिलासवलत, ज्येष्ठसवलत हे तो इंटरफेस पाळणारे क्लास. प्रवाशाकडे सवलतींची लिस्ट, प्रत्येकीला भाडं विचार, सगळ्यात कमी येईल ते घे. आजीला एक म्हणते १००, दुसरी म्हणते ०, आजी फुकट. पॉलिमॉर्फिझम आहे तसंच राहिलं, नुसतं माणसावरून सवलतीवर गेलं. सबमिशनला मात्र एक्स्टेंड मागितलंय तर तेच दे, हे तोंडी सांग.

प्रश्न : आठ वर्षांच्या गॅपनंतर परत इंटरव्ह्यू देतेय. स्क्वेअर क्लास रेक्टँगलला एक्स्टेंड करू शकतो का असं विचारलं, मी म्हटलं हो, शाळेपासून शिकलोय की चौरस हा आयतच असतो. पॅनेलवरचे दोघं एकमेकांकडे बघून हसले. माझं काय चुकलं?

उत्तर : भूमितीत तुमचं बरोबर आहे हो, आणि हसायला नको होतं त्यांनी. रेक्टँगल घेणारं कुठलंही फंक्शन असं धरून चालतं की रुंदी ५ केली, लांबी ४ केली, तर क्षेत्रफळ २०. तिथं तुमचा स्क्वेअर गेला तर लांबी बदलताना तो रुंदीही बदलणार, नाहीतर तो चौरसच राहणार नाही, आणि उत्तर येणार १६. फंक्शनची बिचाऱ्याची काही चूक नाही. पॅरेंटच्या जागी चाइल्ड ठेवलं तर बोलावणाऱ्याचा भरवसा मोडता कामा नये, हा मुद्दा संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कॉव्ह यांनी १९८७ मध्ये एका भाषणात मांडला, म्हणून त्याला लिस्कॉव्हचं नाव. मात्र एकदा बनवल्यावर लांबी-रुंदी बदलताच येत नसेल, तर स्क्वेअरने खुशाल एक्स्टेंड करावं, काही बिघडत नाही. पुढच्या वेळी हे दुसरं वाक्य आवर्जून म्हणा.

आणि ही चूक फक्त शिकणाऱ्यांची असते असं समजू नका. खुद्द जावामध्ये स्टॅक (जिथं वस्तू फक्त वरून ठेवायची आणि वरूनच काढायची) हा क्लास व्हेक्टरला (जिथं कुठेही वस्तू घालता येते अशा यादीला) एक्स्टेंड करतो, त्यामुळे स्टॅकच्या मधोमध वस्तू घुसवता येते! ताटांच्या चळतीत मधेच ताट सरकवल्यासारखं. आता जावाचं डॉक्युमेंटेशनच सांगतं की डेक (दोन्ही टोकांनी घालता-काढता येणारी रांग) वापरा.

प्रश्न : आम्हाला पायथन आहे. तिथं लिस्टमध्ये काहीही टाकता येतं, मग इनहेरिटन्स शिकायचंच कशाला?

उत्तर : पॉलिमॉर्फिझमसाठी लागत नाहीच. भाडे नावाची मेथड असली की झालं, आईबाप कोण ते पायथन विचारत नाही. वरच्या सांगलीकराचा घोळ तर तुमच्याकडे होणारच नाही, कारण चाइल्डमध्ये त्याच नावाची मेथड लिहिली की पॅरेंटची झाकली जाते, टाइप काहीही असो. तुमचा घोळ वेगळा. चाइल्डमध्ये इनिट (ऑब्जेक्ट तयार होताना चालणारी मेथड) लिहिता आणि त्यात सुपरचं, म्हणजे पॅरेंटचं, इनिट बोलवायचं विसरता, मग पॅरेंटने नाव, वय वगैरे जे भरायचं ते भरलंच जात नाही आणि चार फाइल पलीकडे ॲट्रिब्यूटएरर येतो, म्हणजे मागितलेली गोष्ट ऑब्जेक्टमध्ये सापडत नाही. तो आला की एररच्या ओळीकडे बघत बसू नका, आधी इनिट उघडा.