दान आलेल्या वाद्यांवर मुलांचा वर्ग सुरू करताना

वाद्यं हवीत असं चार लोकांना सांगितलंत की माळ्यावरच्या पेट्या (हार्मोनियम) येऊ लागतील. सगळ्या घ्या, पण लगेच मुलांपुढे ठेवू नका. भाता भरा आणि एकही पट्टी न दाबता थांबा. हवा झरझर निघून गेली किंवा एखादा सूर आपोआप वाजत राहिला, तर आधी कारागीर गाठा. फाटक्या पुडीचा, म्हणजे वरचं चामडं फाटलेला, तबला परत पाठवू नका. पुडी बदलता येते, लाकडी खोड मात्र तडा न गेलेलं हवं. तानपुरा आलाच तर मिरजेला दाखवा. तिथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

खरी काळजी घ्यायची ती स्वराची. दान आलेला तबला बहुधा काळी एकचा, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराचा असतो. मुलांना त्या स्वरात गायला लावलंत तर मंद्रातलं (खालच्या सप्तकातलं) काही लागत नाही आणि कोवळे गळे दबतात. सा काळी तीनला घ्या; तोच तबला पंचमाला (प) बोलेल. गळे आणखी वर जात असतील तर काळी चार, मग तो मध्यमाला (म) येतो. एवढ्यासाठी दुसरा तबला विकत घेण्याची मुळीच गरज नाही.

पेट्या दोन आणि मुलं वीस असणारच. बाकीच्यांनी हाताने टाळी-खाली देत, म्हणजे मात्रा मोजत, दादरा, केरवा हे ताल तोंडाने म्हणावेत. हात तबल्यावर जाण्याआधी बोल पाठ झालेले केव्हाही चांगले. आणि देणगीदारांकडे वाद्याबरोबर दुरुस्तीचे थोडे पैसेही मागा. संकोच करू नका, बरेच जण आनंदाने देतात.