सायकलवाल्याला उडवणारा चालक त्याच दिवशी घरी कसा जातो? कायदा गाडीवाल्यांच्याच बाजूचा आहे का?

तुम्ही लिहिलंय की अक्कलकोट रोडवर पहाटे कामाला निघालेल्या तुमच्या मामांना कारनं मागून उडवलं, मांडीचं हाड मोडलं, आणि त्यांना ऑपरेशनला आत नेत होते तोवर चालक पोलीस ठाण्यातून जामिनावर घरीही पोचला. आता नातेवाईक सांगतायत, ‘फार तर दंड होईल, सोडून द्या.’ म्हणून तुमचा प्रश्न, की सायकलवाल्याच्या हाडाला कायद्यात काही किंमत आहे की नाही.

मी सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते आणि माझं बरंचसं काम मोटार अपघाताच्या दाव्यांचं आहे. अन्याय होतो, हे मी तुम्हाला आधीच सांगते. मात्र तुम्हाला जो जामीन आणि जो दंड डाचतोय, तिथे तो मला कमी दिसतो. मामा दवाखान्यात आडवे असताना पहिल्या दोन दिवसांत पोलिसांच्या कागदावर जे लिहिलं जातं, तिथे तो सगळ्यात जास्त होतो. आणि तिथे तुम्हाला काहीतरी करता येतं.

आधी जामिनाचं बोलू. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. बेदरकार गाडी चालवण्याला तिच्यात कलम २८१ आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. निष्काळजीपणानं कुणाला गंभीर दुखापत केली तर कलम १२५ (ख), तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंडविधानात याच गुन्ह्याला दोन वर्षं आणि हजार रुपये होते. ही सगळी कलमं जामीनपात्र आहेत. म्हणजे जामीन हा आरोपीचा हक्क असतो, ठाणेदाराची मेहेरबानी नसते. चालक घरी गेला याचा अर्थ तो सुटला असा होत नाही. खटला उभा राहतोच.

शिक्षा एवढी कमी का? कारण कायदा इथे चालकाच्या चुकीचं माप काढतो, मामांच्या पायाचं नाही. गाडी चालवताना दोन सेकंद मोबाइलकडे बघणारे रोज हजार असतात. त्यातल्या एकाच्या वाटेत तुमचे मामा येतात. त्या एकाला खुन्याच्या जवळपासची शिक्षा द्यावी असं मला वाटत नाही, जखमी माणसाच्या बाजूनं उभी राहूनही वाटत नाही. याच्याशी तुम्ही सहमत नसाल, ते मी समजू शकते. मामांजवळ रात्र काढलेल्या माणसाला हे पटणं अवघड आहे.

पण एका गोष्टीचा मला खरोखर संताप येतो, आणि ती म्हणजे पळून जाणं. अपघातानंतर थांबून जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नं चालकावर बंधनकारक आहे. ते मोडलं तर कलम १८७ खाली पहिल्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार दंड. आता दारू पिऊन गाडी चालवण्याचा दंड बघा, पहिल्या वेळेला दहा हजार, आणि तिथे श्वासाच्या किंवा रक्ताच्या तपासणीचा पुरावा लागतो, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल. प्यालेला चालक रात्री पळाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वकिलाला घेऊन हजर झाला, तर रक्तात काही सापडत नाही. थांबलेल्यापेक्षा पळालेला स्वस्तात सुटतो. गाडीचा नंबर कुणीच पाहिला नसेल तर जखमीच्या घराला आणखी मोठा फटका बसतो. अज्ञात वाहनाच्या अपघातात सरकारी योजनेतून गंभीर दुखापतीला फक्त ५० हजार मिळतात, मृत्यूला दोन लाख. २०२२ च्या एप्रिलपूर्वी तर हे आकडे साडेबारा आणि पंचवीस हजार होते. नव्या संहितेत कलम १०६ (२) आणून, अपघातात माणूस मेला आणि चालक न कळवता पळाला तर दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद केली होती. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी संप केला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि बाकीची संहिता लागू करताना तेवढं पोटकलम बाजूला ठेवण्यात आलं. जमावाच्या मारहाणीची ट्रकचालकांना वाटणारी भीती खोटी नाही. पण मग जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन कळवणाऱ्याला सवलत आणि गायब होणाऱ्याला शिक्षा, एवढा फरक तरी दुखापतीच्या गुन्ह्यात असायलाच हवा होता.

आता कागदाकडे येते. चालकाच्या बाजूचं एक वाक्य मी इतक्या फायलींमध्ये वाचलंय की ते मला तोंडपाठ झालंय: ‘सायकलस्वार अचानक आडवा आला.’ अपघात झाला की ठाण्यात कोण असतं? चालक, गाडीचा मालक, मालकाच्या ओळखीचं कुणीतरी. सायकलवाला सिव्हिलला असतो, त्याची बायको औषधं आणायला पळत असते. हवालदारानं मुद्दाम काही केलं पाहिजे असंही नाही. रस्ता मोकळा करायचा असतो, समोर एकच माणूस बोलणारा असतो, त्याचं म्हणणं लिहिलं जातं. जखमीचा जबाब कधी आठवड्यानं होतो, कधी महिन्यानं. तोवर गोष्टीची पहिली आवृत्ती पक्की झालेली असते.

माझ्याकडे एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातल्या कामगाराचा दावा होता. वय ४४, सेकंड शिफ्ट करून रात्री सायकलवर घरी निघालेला. चालकाचं म्हणणं तेच, अचानक आडवा आला. घटनास्थळाच्या पंचनाम्यात सायकलबद्दल एकच ओळ: ‘सायकलचे नुकसान झालेले दिसून येते.’ कुठे, कसं, काही नाही. त्याच्या मुलानं ती सायकल घरी आणून जिन्याखाली ठेवली होती आणि भंगारवाला दोनदा विचारून गेला होता. मी जाऊन पाहिली. मागची रिम आत दुमडलेली, मागचा मडगार्ड टायरमध्ये घुसलेला, कॅरिअर सीटखाली चेपलेलं. पुढचं चाक मात्र सरळ फिरत होतं, पेडल शाबूत, दांडीवर ओरखडाही नाही. आडव्या आलेल्या सायकलला धक्का बसतो तो दांडीला, पेडलला, पुढच्या चाकाला. ही सायकल सरळ चालली होती आणि पाठीमागून ठोकली गेली होती. आरटीओच्या निरीक्षकानं केलेल्या गाडीच्या तपासणी अहवालात डावा हेडलाइट फुटल्याची नोंद होती. दोन्ही फोटो समोर ठेवून चालकाची उलटतपासणी घेतली तेव्हा ‘आडवा आला’ टिकलं नाही.

म्हणून मामांची सायकल विकू नका, दुरुस्तही करू नका. आजच सगळ्या बाजूंनी फोटो काढा. त्या रस्त्यावर कारखान्यांचे कॅमेरे आहेत, त्यातलं चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं. ते ताब्यात घ्यावं असा लेखी अर्ज तपासी अंमलदाराकडे द्या आणि पोच घ्या, तोंडी सांगितलेलं फाइलला लागत नाही. मामांना उचलून दवाखान्यात नेणारी माणसं शोधा. मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही आणि त्याच्यावर केसही होत नाही, मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ (अ) नं त्याला संरक्षण आहे. हे सांगितलं की लोक बोलतात. आणि मामा शुद्धीवर असतील तर त्यांचा जबाब लवकर घ्या म्हणून ठाण्यात मागे लागा.

आणखी एक, स्टॅम्प पेपर. वॉर्डात कुणीतरी गोड बोलत येईल, वीस-पंचवीस हजार पुढे करेल आणि ‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहिलेल्या कागदावर सही मागेल. वर सांगितलेल्या कामगाराच्या उजव्या हाताला प्लॅस्टर होतं, तर डाव्या अंगठ्याचा ठसा घ्यायला निघाले होते. बायकोनं कागद हिसकावून घेतला म्हणून बरं झालं. औषधाला पैसे देत असतील तर पावती लिहून घ्या, सही मात्र वकिलाला दाखवल्याशिवाय करू नका.

मामांच्या घराला सावरणारा पैसा फौजदारी खटल्यातून येत नाही. तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातून येतो, आणि आपल्याकडे ते जिल्हा न्यायालयातच भरतं. फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध करावा लागतो. दाव्यात जास्त शक्यता कशाची, एवढंच बघतात. सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये बिमला देवींच्या प्रकरणात हे स्पष्ट सांगितलंय. त्यामुळे चालक फौजदारीत सुटला तरी दावा बुडत नाही. पैसे देते विमा कंपनी, कारण तिऱ्हाइताचा (थर्ड पार्टी) विमा प्रत्येक गाडीला सक्तीचा आहे. चालकाच्या खिशाला चाट बसत नाही याचं तुम्हाला वाईट वाटेल. पण चालकाच्या खिशावर सोडलं असतं तर बहुतेक जखमींच्या हाती काहीच लागलं नसतं.

इथे खरी लढाई टक्क्यांची असते. त्या कामगाराच्या हाताचं अपंगत्व दाखल्यावर १५ टक्के होतं. विमा कंपनीच्या वकिलांचं म्हणणं, पंधरा टक्केच कमाई गेली. मी न्यायाधीशांना विचारलं, धोटा चालू असताना तुटलेलं सूत दोन बोटांत पकडून गाठ मारता येत नसेल तर मागावर त्याला कोण ठेवील? राज कुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हेच धरलंय: अवयव किती टक्के गेला यापेक्षा त्या माणसाची, त्याच्या धंद्यातली कमाई किती गेली ते बघा. फरक केवढा पडतो ते पाहा. समजा महिन्याची कमाई १२ हजार, वय ४५. पुढच्या वाढीचे २५ टक्के धरून १५ हजार, वर्षाचे एक लाख ऐंशी हजार, या वयाला गुणक, म्हणजे वर्षाची कमाई ज्यानं गुणतात तो आकडा, १४. पंधरा टक्क्यांनी हे तीन लाख ७८ हजार होतात, चाळीस टक्क्यांनी दहा लाख आठ हजार. दवाखान्याचा खर्च आणि वेदनेची भरपाई याच्या वर. मामा नेमकं काय काम करतात, उभं राहून की बसून, जिना किती चढावा लागतो, हे सगळं मालकाच्या पत्रासह पुराव्यात आणा. पगार रोखीत मिळत असेल तर आत्तापासून हजेरीची चिठ्ठी, पासबुक, जे असेल ते गोळा करा.

अंधारात सायकलला दिवा नव्हता, मामांचीही चूक होती, असा मुद्दा समोरून नक्की येईल. तो सिद्ध करण्याची जबाबदारी तो मांडणाऱ्याची आहे. तरी खरं सांगते, दिवा नसेल तर भरपाईतून काही हिस्सा कापला जाऊ शकतो. नेदरलँड्समध्ये चौदा वर्षांवरच्या सायकलस्वाराची चूक असली तरी निम्मी भरपाई मोटारवाल्याला सहसा द्यावीच लागते, कारण लोखंड त्याच्या हातात असतं. आपल्याकडे चूक सिद्ध न करता मिळणारी रक्कम मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली आहे, गंभीर दुखापतीला अडीच लाख. पण ती स्वीकारली तर मोठा दावा सोडावा लागतो, म्हणून घाईत तिथे जाऊ नका.

शिक्षेपेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते लायसन्स. मोटार वाहन कायद्याच्या कलम २० नुसार दोषी ठरलेल्या चालकाला काही काळ गाडी चालवायला अपात्र ठरवण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. मी पाहिलेल्या खटल्यांत तो क्वचितच मागितला जातो. आरोपी गुन्हा कबूल करतो, दंड भरतो, आणि त्याच गाडीत बसून घरी जातो. सोलापुरात हे फार लागतं, कारण इथे सायकल हा छंद नाही. गिरण्या बंद पडल्या तरी पूर्व भागातले विणकर, पॅकिंगवाले, वॉचमन अजून सायकलवरच आहेत, त्याच रस्त्यावर जड वाहतूक आहे, आणि ऊसतोडीच्या दिवसांत मागे रिफ्लेक्टर नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. निकालाच्या वेळी अपात्रतेची मागणी करा असं सरकारी वकिलांना लेखी द्या. देणारं कुणी नसतं म्हणून ते राहून जातं.

मामांच्या अपघाताची तारीख तुम्ही लिहिलेली नाही. दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करायचा असतो, म्हणून आधी दिवस मोजा. फिर्यादीची प्रत ठाण्यातून मोफत मिळते, ती घ्या. डॉक्टरांच्या दाखल्यात हाड मोडल्याचा स्पष्ट उल्लेख आहे का ते वाचा, कारण हाड मोडणं ही कायद्यानं गंभीर दुखापत आहे. तरीही फिर्यादीत १२५ (ख) ऐवजी साध्या दुखापतीचं १२५ (क) लागलं असेल, तर दाखला जोडून कलम वाढवण्याचा अर्ज याच आठवड्यात द्या. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय न्यायालयाच्या आवारातच आहे, तिथे अर्ज केला की मोफत वकील मिळू शकतो. जाताना मामांचं आधार कार्ड, रेशन कार्ड आणि दवाखान्याची सगळी बिलं बरोबर ठेवा, झेरॉक्स नव्हे, मूळ.