'इंडिपेंडंट' दिग्दर्शकाला मराठीत काय म्हणावं?

एका वाचकाने विचारलं आहे: "अमेरिकन दिग्दर्शक जॉन कॅसाव्हेटिसच्या चित्रपटांवर लिहिते आहे. मी त्याला 'स्वतंत्र दिग्दर्शक' म्हटलं, मैत्रीण 'समांतर' म्हण म्हणते. बरोबर काय?"

मी दोन्ही टाळेन. 'स्वतंत्र बाण्याचा दिग्दर्शक' म्हणा, आणि चित्रपट त्याने 'पदरमोड करून काढले' म्हणा.

'स्वतंत्र' शब्द आपल्याकडे आधीच दुसऱ्या कामाला जुंपलेला आहे. 'स्वतंत्र नाटक' म्हणजे भाषांतरित किंवा रूपांतरित नसलेलं. 'स्वतंत्र खोली' म्हणजे वेगळी. 'स्वतंत्र चित्रपट' वाचून कुणालाही वाटेल की कथा कुठून घेतलेली नाही, एवढंच सांगायचं आहे. 'बाणा' जोडला की मात्र अर्थ माणसाच्या स्वभावाकडे वळतो.

'समांतर'ची अडचण वेगळी. 1969च्या 'भुवन शोम'सारख्या आपल्या समांतर चित्रपटांमागे फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन, म्हणजे सरकारी पैसा होता. कॅसाव्हेटिसमागे असं काही नव्हतं. न्यूयॉर्कच्या एका रेडिओ कार्यक्रमात त्याने श्रोत्यांनाच पैसे पाठवायला सांगितलं, आणि लोकांनी खरोखर पाठवले! त्यातून 'शॅडोज' उभा राहिला. पुढे स्टुडिओसाठी केलेल्या 'अ चाइल्ड इज वेटिंग'चं संकलन निर्मात्याने त्याच्या हातून काढून घेतलं. मग त्याने मार्ग धरला तो असा: दुसऱ्यांच्या चित्रपटांत अभिनय करायचा आणि ती कमाई आपल्या चित्रपटात घालायची. 'फेसेस' (1968) बराचसा त्याच्या राहत्या घरात चित्रित झाला. 'अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स'साठी (1974) त्याने घर गहाण टाकलं, आणि नायकाचं काम करणाऱ्या पीटर फॉकनेही स्वतःचे पैसे घातले. वितरकही मिळेना, तेव्हा चित्रपटगृहांशी बोलणी यांनीच केली. याला 'पदरमोड'इतका नेमका शब्द मला दुसरा सुचत नाही. पदराच्या गाठीला बांधलेलं मोडायचं, आणि तेही कुणी सांगितलं नसताना.

'काढणे' हे क्रियापदही मुद्दाम सुचवतो आहे. आपण दुकान काढतो, मासिक काढतो, तसाच चित्रपट काढतो. त्यात जुळवाजुळव आणि जोखीम दोन्ही येतात. 'दिग्दर्शित केला' यात ती येत नाहीत.

जाता जाता एक विनंती. त्याच्या सगळ्या कामाला सरसकट 'उत्स्फूर्त' म्हणू नका. 'शॅडोज'च्या शेवटी तशी पाटी आहे खरी, पण पुढचे चित्रपट त्याने लिहून काढलेले आहेत. 'फेसेस'ला तर पटकथेचं ऑस्कर नामांकन होतं. नट आत्ताच सुचल्यासारखं बोलतात, हे त्या लेखणीचं आणि तालमीचं श्रेय आहे.

तुम्ही विचारलं नाहीत, पण 1974च्या त्या चित्रपटाचं नाव मराठीत द्यायचं असेल तर 'प्रभावाखालील स्त्री' नको. 'अमलाखालची बाई' म्हणा. इंग्रजी नावात नशेची छटा आहे, आणि अंमल नशेचाही असतो. पण अंमल राज्याचाही असतो, 'इंग्रजांचा अंमल' म्हणतो तसा. रात्रपाळी करून आलेला निक, म्हणजे फॉक, सकाळी सगळे सहकारी घरी घेऊन येतो. त्याची बायको, जीना रोलंड्सची मेबल, हौसेने सगळ्यांना स्पॅगेटी करून वाढते, एकाचं गाणं तोंडाजवळ जाऊन ऐकते, दुसऱ्याला नाचायला उठवू बघते. निक ओरडतो आणि टेबलावर सगळे गप्प होतात. तिथे अंमल कुणाचा चालतो, ते त्या शांततेत ऐकू येतं.