गंडम सीड डेस्टिनीमधले रिकॅप भाग सोडून दिले तर चालतं का?

'गंडम सीड डेस्टिनी' या जपानी अ‍ॅनिमे मालिकेच्या विसाव्या भागाशी येऊन तुम्ही वैतागलाय: 'सगळं पाहिलेलंच परत दाखवतायत, आणि लोक म्हणतात याने पात्रं कळतात. खरं आहे का?' पहिल्या खेपेला मीही तो भाग सोडला होता. दुसऱ्यांदा मालिका बघताना जेवणाचं ताट हातात होतं, रिमोट लांब होता, म्हणून पूर्ण पाहिला गेला. आता सांगतो, विसावा सोडू नका.

हे भाग काही कलेच्या ओढीने बनत नाहीत, हे आधीच मान्य करतो. २००४-०५ साली ही मालिका जपानमध्ये दर शनिवारी संध्याकाळी सहाला लागायची, एकूण ५० भाग. दर आठवड्याला नवी लढाई चितारून द्यायची म्हणजे जीव निघतो. मग जुनी दृश्यं जोडून एखादा आठवडा निभावून न्यायचा. जपानीत याला सोशूहेन म्हणतात. आधीच्या 'सीड' मालिकेतही १४वा आणि २६वा भाग असेच होते. एचडी आवृत्ती काढताना ते गाळले, ५०चे ४८ झाले. मला त्यांची उणीव भासली नाही.

डेस्टिनीच्या विसाव्यात फरक आहे तो आठवण कोणाची, याचा. ऑर्ब या देशावरचा हल्ला आपण सीडमध्ये तिथला नायक किराच्या कॉकपिटमधून पाहिलेला असतो. त्याचं 'फ्रीडम' हे लढाऊ यंत्र शत्रूच्या तीन-तीन यंत्रांना अंगावर घेतंय आणि आपण इकडे मुठी आवळून बसलोय. त्याच लढाईखाली डेस्टिनीचा नायक शिन याचं कुटुंब बंदराकडे धावतंय. धाकट्या बहिणीचा, मायूचा, गुलाबी मोबाईल उतारावरून घसरतो, शिन तो आणायला खाली जातो, आणि वर स्फोट होतो. हे पहिल्याच भागात दाखवलंय, पण तेव्हा आपण शिनला ओळखतही नसतो. विसाव्यापर्यंत त्याच्या उर्मट बोलण्याला कंटाळून आपण त्याला 'आगाऊ कार्टं' म्हणून मोकळे झालेलो असतो. आणि मग सीडमधली आपल्या आवडीची दृश्यं त्याच्या जखमेशेजारी येऊन बसतात. ज्या लढाईला आपण टाळ्या दिल्या, तिच्यात या पोराचं घर गेलं. मला तर थोडी लाजच वाटली.

मायूचा तो फोन शिन जपून ठेवतो आणि त्यात रेकॉर्ड झालेला तिचा आवाज परत परत ऐकतो. म्हणजे हा मुलगा आतून कायम रिकॅपच बघतोय. एका भागापुरते आपणही त्याच्यासोबत अडकलो, तर बिघडलं कुठे?

(इथून पुढे कथा फुटणार आहे, हवं तर थांबा.) घरचे गेल्यावर शिनला धीर देणारा ऑर्बचा अधिकारी तोदाका आठवतो? २८व्या भागात शिनच त्याचं जहाज बुडवतो, आणि आपण कोणाला मारलं हे त्याला कळतही नाही. विसावा पाहिला असेल तर ते दृश्य फार लागतं.

२९वा रिकॅप भाग ड्युरँडलचा, म्हणजे शिनच्या बाजूच्या राजकीय नेत्याचा. बोलबच्चन जास्त, पण शिनच्या जहाजाची कप्तान तालिया हिच्याशी त्याचं नातं का तुटलं ते समजून घ्यायला एकदा बघा. ४१वा खुशाल सोडा.

४७वा मात्र नाहीच सोडायचा. लोकप्रिय गायिका लॅक्सची तोतया म्हणून मिरवलेली मीआ आदल्याच भागात लॅक्ससाठी गोळी झेलून मरते, आणि आता तिची डायरी वाचली जाते. दोघींना आवाज एकाच अभिनेत्रीचा, रिए तानाकाचा. ज्या सभांमध्ये तिचं नाचणं-गाणं आपल्याला उथळ वाटलं होतं, तीच दृश्यं आता तिच्या बाजूने येतात. नवं फारसं काही न चितारता एका हास्यास्पद पात्राला माणूस केलंय.

तुम्ही सीड न बघता थेट डेस्टिनीला बसला असाल, तर विसावा तुम्हाला कंटाळाच देणार. तसं असेल तर तो आत्ता बाजूला ठेवा आणि आधी ते ४८ भाग उरका.