वीजप्रश्न: रिलेचा फ्लॅग वाचल्याशिवाय ब्रेकर टाकू नका

प्रश्न : कारखान्यात २२ केव्ही/४३३ व्होल्टचा १००० केव्हीए ट्रान्सफॉर्मर आहे. गुरुवारच्या शटडाउननंतर सप्लाय आला की एचटी (२२ केव्ही बाजूचा) ब्रेकर टाकताक्षणी, म्हणजे चालू करताच, कधीकधी पडतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला टाकला की राहतो. कंत्राटदार रिले (बिघाड ओळखून ब्रेकर पाडणारं उपकरण) बदला म्हणतो. बदलावा का?
— एक लघुउद्योजक, भोसरी

उत्तर : रिले बहुधा ठणठणीत असावा, चुकलं असेल ते सेटिंग. रीसेट करण्याआधी डिस्प्लेवर कोणता फ्लॅग (ट्रिपचं कारण सांगणारा कोड) आलाय ते लिहून घ्या. ५० असेल तर हायसेट ओव्हरकरंट (करंट मोठ्या मर्यादेपलीकडे जाताच ट्रिप), ५०एन असेल तर अर्थ फॉल्ट (करंट जमिनीत जाणं). बुखोल्झचा (ट्रान्सफॉर्मरच्या तेलातला गॅस पकडणाऱ्या रिलेचा) फ्लॅग असेल, किंवा ५० एरवी कधी न येता अचानक आला असेल, तर मेगर (इन्सुलेशनची चाचणी) केल्याशिवाय पुन्हा चार्ज करायचं नाही. ‘दोनदा टाकून बघू’ ही सवय इथं फार महागात पडते.

ट्रान्सफॉर्मर चार्ज होताना कोअर क्षणभर सॅच्युरेट होतो (चुंबकत्वानं पूर्ण भरतो) आणि फुल लोडच्या आठ ते बारा पट करंट ओढला जातो. हाच इनरश. ब्रेकर व्होल्टेज वेव्हच्या कोणत्या क्षणी लागला आणि कोअरमध्ये आधीचं किती चुंबकत्व उरलं होतं, यावर त्याचा आकडा ठरतो. म्हणून एकदा ट्रिप, एकदा नाही.

आता तुमचा हिशोब. २२ केव्हीवर फुल लोड करंट २६ अँपिअर, म्हणजे इनरश साधारण २१० ते ३१५ अँपिअर. सीटी (रिलेसाठी करंट कमी करून देणारा ट्रान्सफॉर्मर) ५०/१ आणि हायसेट सीटीच्या ५० अँपिअरच्या ५ पट असेल तर रिले २५० अँपिअरलाच उचलणार. नेमप्लेटवर इम्पिडन्स ५ टक्के असेल, तर एलटी (४३३ व्होल्ट) बाजूच्या शॉर्टसर्किटला एचटीत जास्तीत जास्त ५२५ अँपिअर येतील. हायसेट याच्या १.३ पट, म्हणजे सुमारे ७०० अँपिअर, म्हणजेच १४ पट ठेवा. इनरशला रिले हलणार नाही, एलटी फॉल्ट एलटी ब्रेकरसाठी राहील, आणि एचटी बुशिंग किंवा केबल फुटली तर ७०० च्या कितीतरी वर करंट जाऊन ब्रेकर लगेच पडेल. मात्र सीटी ५पी१० (१० पट करंटपर्यंत अचूकतेची हमी असलेली) असेल तर १४ पटीला ती साथ देईल का, हे बर्डन (तिच्यावर जोडलेला भार) धरून तपासून घ्या.

एलटीच्या फॉल्टला मागचा आधार म्हणून ५१ (करंट जितका जास्त तितका लवकर ट्रिप देणारा ओव्हरकरंट) लागतोच. पिकअप, म्हणजे रिले उचलतो तो करंट, ०.६५ (३२.५ अँपिअर) आणि टीएमएस (वेळेचा गुणक) ०.१५ ठेवलं, तर नॉर्मल इन्व्हर्स कर्व्हवर ५२५ अँपिअरला सुमारे ०.३७ सेकंदात ट्रिप मिळते. एलटी ब्रेकर त्याआधी सुटला पाहिजे आणि महावितरणच्या फीडरचा रिले त्यानंतर. म्हणून सेटिंग बदलताना त्यांच्या रिलेशी जुळवून घ्या.

फ्लॅग ५०एनचा असेल तर गोष्ट वेगळी. इनरशमधल्या डीसी घटकामुळे तीन सीटी सारख्या सॅच्युरेट होत नाहीत आणि त्यांच्या बेरजेत खोटा अर्थ करंट दिसतो. अशा वेळी पिकअप वाढवत बसू नका. एचटी वाइंडिंग डेल्टा (न्यूट्रल नसलेल्या जोडणीचं) असल्यानं एलटीचा अर्थ फॉल्ट तिथं अर्थ करंट म्हणून दिसतच नाही, त्यामुळे हे सेटिंग नाजूक ठेवता येतं. ०.१ ते ०.२ सेकंदांचा विलंब द्या किंवा सेकंड हार्मोनिक ब्लॉक (इनरश ओळखून ट्रिप रोखणारी रिलेतली सोय) चालू करा.

प्रश्न : सोसायटीच्या ट्रान्सफॉर्मरचं तेल फिल्टर केल्यापासून बुखोल्झचा अलार्म दोनदा आला, ट्रिप नाही. बंद ठेवावा का?
— सोसायटी समिती सदस्य, बाणेर

उत्तर : फिल्टरनंतर तेलात अडकलेली हवा हळूहळू वर येते आणि रिलेत साठून वरचा फ्लोट खाली बसतो. आधी कन्झर्व्हेटरची (वरच्या तेलटाकीची) तेलपातळी पाहा, ती कमी असली तरी हाच अलार्म येतो. मग जाणकाराकडून कॉकमधून गॅसचा नमुना घ्या. रंगहीन, बिनवासाचा आणि न पेटणारा गॅस म्हणजे बहुधा हवा. पेटणारा असेल तर आत आर्किंग किंवा जळणं चालू आहे, तेव्हा ट्रान्सफॉर्मर बंद करा. पेटवून बघण्याची चाचणी मात्र ट्रान्सफॉर्मरशेजारी करू नका. नमुना प्रयोगशाळेत पाठवलेला उत्तम. दोन अलार्ममधलं अंतर वाढत गेलं तर हवा निघून जातेय. ते कमी होत असेल तर थांबू नका, सप्लाय काढा.

पावसाळ्यात बुखोल्झच्या टर्मिनल बॉक्समध्ये पाणी शिरून खोटी ट्रिपही होते. ग्लँड आणि गॅस्केट जूनआधीच पाहून घ्या.

प्रश्न : रिलेवर ट्रिपचा दिवा लागला, पण ब्रेकर पडला नाही. असं का?
— वायरमन, चाकण

उत्तर : पहिला संशय ट्रिप सप्लायवर. बॅटरीचा व्होल्टेज लोड नसताना नव्हे, ट्रिप कॉइलला करंट जात असताना मोजा. जुनी बॅटरी तिथंच कोसळते. मग कॉइलचं कंटिन्युइटी, ब्रेकरचा ऑक्झिलिअरी काँटॅक्ट (ब्रेकरसोबत हलणारा छोटा स्विच) आणि मेकॅनिझमचं ग्रीस. तोवर ट्रान्सफॉर्मर चालू ठेवू नका. आणि हो, रिले काढताना सीटीची सेकंडरी आधी शॉर्ट करा. लोडवर उघडी राहिली तर जिवाला धोका.