गोळी बंद न करता स्कॅन?

प्रश्न : थायरॉइड कॅन्सरच्या शस्त्रक्रियेनंतर आयोडीन स्कॅन ठरला आहे. डॉक्टर म्हणतात, गोळी चालू ठेवा, दोन इंजेक्शनं घ्या. हे कसं?

उत्तर : उरलेल्या थायरॉइड पेशी किरणोत्सारी आयोडीन ओढतात ते टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) वाढल्यावर. पूर्वी त्यासाठी लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइड संप्रेरकाची ही रोजची गोळी, ३-४ आठवडे बंद ठेवत. सुस्ती, सूज, बद्धकोष्ठता सोसून टीएसएच ३० च्या वर जाण्याची वाट पाहायची. थायरोट्रोपिन आल्फा हे प्रयोगशाळेत बनवलेलं टीएसएचच आहे, ते या दोन इंजेक्शनांतून थेट बाहेरून दिलं जातं, म्हणून गोळी बंद करावी लागत नाही.

सोमवारी ०.९ मिलिग्रॅम, मंगळवारी त्याच वेळी तेवढंच. नितंबाच्या स्नायूत; शिरेतून कधीही नाही. बुधवारी आयोडीनची मात्रा, शुक्रवारी स्कॅन आणि थायरोग्लोब्युलिनची (थायरॉइड पेशींत बनणाऱ्या प्रथिनाची) रक्ततपासणी. म्हणूनच बहुतेक ठिकाणी सुरुवात सोमवारी करतात. पहिलं इंजेक्शन गुरुवारी घेतलं, तर आयोडीनचा दिवस शनिवारी येतो! मळमळ, डोकेदुखी होऊ शकते, ती सहसा लवकर ओसरते.

बिघडतं ते बहुधा भलतीकडेच. आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट दिसावं म्हणून टोचलं जाणारं द्रव्य) देऊन सीटी स्कॅन नुकताच झाला असेल, तर पेशी आधीच आयोडीनने भरलेल्या असतात. एक-दोन महिने थांबावं लागतं. असा सीटी स्कॅन झाला असेल, तर डॉक्टरांना सांगायला विसरू नका. आयोडीनयुक्त मीठ, मासे, दूध, अंड्याचा बलक एक-दोन आठवडे टाळा. साधं मीठ चालतं, त्यात आयोडीन नसेल तर. गर्भधारणेची शक्यता असल्यास आयोडीनआधी चाचणी हवीच. रक्तात थायरोग्लोब्युलिनविरोधी अँटिबॉडी असतील, तर थायरोग्लोब्युलिनचा कमी आकडा फसवा असू शकतो; तो पाहून निर्धास्त होऊ नये.