ग्वादालाहारात तूरडाळ कशाला शोधायची?

प्रश्न : नमस्कार ताई, आमची मुलगी शिकायला मेक्सिकोत ग्वादालाहाराला गेलीय. आम्ही सेलूकडचे, घरात मटण-मच्छी कधीच नाही, ती अंडं खाती तेवढं (तिच्या पप्पांना माहीत नाही, म्हणून नाव छापू नका). तिथं इंडियन सामानाचं दुकान लांब, तूरडाळ नि आटा घेतला की महिन्याचे पैसे पंधरवड्यातच संपायलेत, मग नुसतं ब्रेड नि नूडल्स खायलीय, व्हिडिओ कॉलवर तोंड पार उतरलेलं दिसतंय. जास्तीचे पैसे पाठवणं जमंना, यंदा सोयाबीनला भाव नाही. तिनं खावं तरी काय? — एक आई, जि. परभणी

उत्तर : ताई, पहिले तर तिला सांगा की तूरडाळीचा नाद सोड. आम्ही त्याच शहरात राहिलोय, आणि परदेशातून आलेली डाळ विकत घेऊन कुणाचंच बजेट टिकलेलं मी बघितलं नाही. शेजारीण जिथं भाजी घेती तिथंच घ्यायची नि ती जेवती त्याच टायमाला जेवायचं, बास, निम्मा खर्च तिथंच कमी होतो.

तिकडं मोठं जेवण दुपारी दोन ते चारच्या मधी. गल्लीबोळात फोंदा म्हणून खानावळी असतात, तिथं कोमिदा कोरीदा मागायची, म्हणजे सूप, भात नाहीतर शेवया, एक भाजी, तोर्तिया (म्हणजे तिकडची पातळ भाकरी) आणि फळाचं सरबत, सगळं मिळून साधारण 100 पेसोच्या आसपास, एरियाप्रमाणं कमीजास्त (एक पेसो म्हणजे साडेचार-पाच रुपये धरा). रोज नाही परवडणार, पण आठवड्यातून दोनतीनदा दुपारी असं पोटभर खाल्लं तर रात्री थोडक्यात भागतं. फक्त एक बघायचं, नुसतं "सिन कार्ने", म्हणजे मटण नको, म्हणलं की ते गाय-डुकराचं काढतात आणि कोंबडी वाढतात, त्यांच्या लेखी कोंबडी मटणात येतच नाही! म्हणून "नी पोयो, नी हामोन", म्हणजे कोंबडी नको नि डुकराचं हॅमबी नको, हे पण म्हणायचं, आणि "तिएने मान्तेका?" विचारायचं, मान्तेका म्हणजे डुकराची चरबी, ती घोटलेल्या राजम्यात नि तामालमधी (मक्याच्या पिठाचा उकडलेला पदार्थ) बऱ्याचदा असते, भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो. चीज भरलेली मोठी मिरची मिळाली तर घ्यावी, ती अंड्यात बुडवून तळतात, पप्पांना सांगायची गरज नाही.

आता घरचं. आटा नको, तोर्तियेरिया, म्हणजे तोर्तियाचं दुकान, शोधायची, दरेक वस्तीत असतेच. मशीनच्या पट्ट्यावरून गरम मक्याच्या तोर्तिया पडत येतात, तराजूवर मोजून कागदात गुंडाळून देतात, काउंटरवर मिठाची डबी असते, पहिली तिथंच मीठ भुरभुरून गुंडाळी करून खायची. किलोला 20 ते 25 पेसो, किलोत तीसच्या वर येतात, पाव किलो मागितली तरी देतात. सोबत घरचं फडकं न्यावं, कागदात घाम सुटून ओल्या होतात. आणि ही मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळलेली असते, त्यामुळं कॅल्शियम मिळतं नि मक्यातलं एक जीवनसत्त्व अंगी लागतं, म्हणजे ब्रेडपेक्षा कितीतरी बरी.

त्याच्यासोबत फ्रिहोल, म्हणजे राजमाच, काळा, पिंटो नाहीतर त्या भागात जास्त खातात तो पिवळसर पेरुआनो. रात्री भिजवून सकाळी कुकरला लावायचा (कुकर नसंल तर गॅसच लई जातो, सेकंडहँड तरी घ्यावा), वर जिरं, लसूण, सुक्या चिले दे आर्बोलची फोडणी, ती बारीक लाल मिरची चांगली झणझणीत असते. जिरं नि कोथिंबीर तिकडं कुठंबी मिळते. मसूर पण मिळते, लेंतेहा म्हणायचं, साल असलेली, तिची आमटी छान होते, येसर मात्र तुम्ही पार्सलनं पाठवा.

भाजीला तियांगिस, आपला आठवडी बाजार, दर वस्तीचा वार ठरलेला. दुपारी बाजार उठायच्या टायमाला गेलं की टमाटे, पपई, पेरू स्वस्तात सुटतात, ओळख झाली की मावशी मिरच्या-कोथिंबीर वर घालतात, त्याला पिलोन म्हणतात. घोळ मिळते, राजगिऱ्याचा पाला मिळतो, भोपळ्याची फुलं मिळतात. आणि नोपाल, निवडुंगाचं पान! बाई तिथंच बसून सुरीनं काटे खरवडते, चिरून पिशवीत देते, लई स्वस्त. भेंडीसारखी तार सुटते म्हणून तव्यावर झाकण न ठेवता परतायचं, रंग गडद झाला, पाणी आटलं की कांदा-टमाटा घालायचा. पहिल्या घासाला ती नाक मुरडंल, मी पण मुरडलं होतं, पण लिंबू पिळून बघा म्हणावं. अंडी किलोवर मिळतात. पनीरच्या जागी केसो पानेला.

चतुर्थी-एकादशीची काळजी करू नका, रताळं, बटाटा, शेंगदाणा, राजगिरा हे सगळं मुळात तिकडच्याच उत्तर-दक्षिण अमेरिकेतून आपल्याकडं आलेलं हाय. नळाचं पाणी मात्र कुणीच पीत नाही, 20 लिटरचा गाराफोन, म्हणजे पाण्याचा जार, भरून घ्यायचा, तो खर्च धरूनच हिशेब मांडा.

प्रश्न : भाचा वाळूजहून कंपनीच्या कामाला मेक्सिकोतच केरेतारोला गेलाय, रोज रात्री टाको (तोर्तियात सारण भरून देतात ते) नि कोल्ड्रिंक. स्वस्त पडतंय म्हणतो. चालतंय का? — मामा, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : मामा, टाको नगावर असतो, तीनवर थांबला तर स्वस्त, पण थांबतंय कोण. खरा खड्डा कोल्ड्रिंकचा, पैशाला नि तब्येतीला पण. तिथल्या सरकारनं 2014 पासून त्याच्यावर टॅक्स लावलाय आणि 2020 पासून बाटलीवर काळा अष्टकोनी शिक्का असतो, साखर जास्त म्हणून, तो बघून घ्या म्हणावं. त्याच्याऐवजी आग्वा दे हामाइका प्यावं, अंबाडीच्याच जातीतल्या लाल फुलांचं आंबट सरबत, साखर कमी सांगून. आणि कंपनीत कोमेदोर म्हणजे कँटीन असंल तर दुपारी तिथंच जेवून घ्यावं, मग रात्री दोन टाकोत भागतं.